पारीवरून सहा, रस्त्यानं अकरा

खैरटोल्याच्या पोस्टासमोर सायकल उभी केली तरी श्रावण मारबते लगेच बसत नसे. एकदा बसलं की उठताना गुडघे त्रास देत. म्हणून आधी थैली उतरवायची, मग पार्सलं, मग पाणी, आणि शेवटी बसायचं. त्या दिवशी पार्सलांत एक मिक्सर होता. पूर्वी थैलीत पत्रं आणि मनिऑर्डरी असत. आता पत्र कोणी लिहीत नाही. माणसं मोबाईलवरून मिक्सर, बूट, कुकर मागवतात, आणि ते सगळं याच सायकलवरून टोल्यावर येतं.

श्रावण चौसष्ट वर्षांचा होता आणि या कामाला त्याला छत्तीस वर्षं झाली होती. मोठ्या रस्त्यावरच्या पोस्टातून थैली आणायची, खैरटोल्यात टपाल वाटायचं, दुपारी इथली थैली परत न्यायची. गावाच्या लेखी तो पोस्टाचा माणूस होता. पोस्टाच्या लेखी तो नोकर नव्हता, ग्रामीण डाक सेवक होता. म्हणजे पगार नाही, भत्ता. पेन्शन नाही. रजा हवी तर आपल्या जागी माणूसही आपणच शोधून द्यायचा. त्याला टायफॉइड झाला तेव्हा बायकोच्या भावानं, सोमाजीनं, सतरा दिवस थैली वाहिली होती. ते सतरा दिवस सोमाजी अजून विसरू देत नव्हता.

आतून रीता बाहेर आली. ती इथली पोस्टमास्तर. पवनीची, सव्वीस वर्षांची. भाड्याच्या एकाच खोलीत तिचं पोस्टही होतं आणि गॅसची शेगडीही.

"काका, थैली राहू द्या. युनियनचा मेसेज आला."

"पुन्हा मंडप टाकाचा का?"

"नाही जी. अंतर फिरून मोजून राहिले. ज्यायचं चुकीचं लिवलं असन, त्यायनं महिन्याभरात अर्ज कराचा."

श्रावण पाणी पीत राहिला. युनियनच्या बातम्या त्यानं पुष्कळ ऐकल्या होत्या. समिती बसली, अहवाल आला, आठ तासांचं काम मिळणार, पेन्शन मिळणार. मागच्या संपात तो भंडाऱ्याच्या मंडपात चार दिवस बसला होता. घोषणा देऊन घसा बसला, चार दिवसांचा भत्ता कापला गेला, आणि घरी येताना सोबत सर्दी आली.

"मी तुमचा कागद पाह्यला," रीता म्हणाली. "खैरटोला ते मोठं पोस्ट, सहा किलोमीटर. माझ्या गाडीचा मीटर अकरा सांगते. हे सहा लिवले कोणी?"

"असन कोणी साहेब."

"तुमाले मजाक वाटते का काका? अंतरावरून तास धरते, तासावरून भत्ता. इतकी वर्षं तुमी चार तासाच्या पायरीवर बसून आहात. पाचाच्या पायरीवर असाले पायजे होते. डिसेंबरात पासष्ट भरले का कामावरून निघान, तेव्हा हाती जे पडन, ते भी यावरूनच."

श्रावणनं गमछ्यानं मान पुसली. 

"त्या साहेबाले मीच नेलो होतो बेटा," तो म्हणाला.

कामाला लागून चौथं वर्ष होतं. वैशाखात एक साहेब अंतर मोजायला आला. सायकलच्या चाकाला मोजणीचं यंत्र लावलेलं, चेहरा उन्हानं लाल झालेला. श्रावणला वाटलं, परगावचा माणूस, याला डांबरी रस्त्यानं कशाला भाजायचं? "साहेब, तुमाले जवळून नेतो," असं म्हणून त्यानं साहेबाला तलावाच्या पारीवरून नेलं. मातीच्या त्या बांधावर दोन्ही बाजूंनी झाडं होती. मधे आंब्याखाली बसवलं, सोमाजीच्या घरून ताक आणून पाजलं. साहेब खूश झाला आणि वहीत सहा लिहून गेला.

आषाढात नेहमीसारखा तलाव भरला. सांडव्यावरून कमरेएवढं पाणी वाहू लागलं, पार चिखलात गेली. दर वर्षी आषाढ ते माघ असे आठ महिने श्रावण रस्त्यानंच येत होता. अकरा जाताना, अकरा येताना. त्या सहावरूनच भत्ता ठरला हे कळलं, तेव्हाच अर्ज करता आला असता. पण काय लिहायचं? माझा रस्ता मीच कमी करून दाखवला, असं? लाजेपायी त्यानं हे कोणालाच सांगितलं नव्हतं. मंडपात 'कामाचे पूर्ण तास द्या' म्हणून ओरडतानाही त्याच्या मनात हे सहा किलोमीटर असायचे.

सगळं ऐकून रीता हसली नाही. एवढंच म्हणाली, "लय महाग पडलं काका ते ताक."

आणि तिनं अर्ज लिहायला घेतला.

तीन आठवड्यांनी, चैत्रातल्या एका सकाळी, अतुल नावाचा तरुण इन्स्पेक्टर मोटरसायकलवर आला. निघण्याआधी रीतानं श्रावणला बाजूला घेतलं. "या खेपेले पारीकडे पाहू भी नका."

श्रावण सायकलवर पुढे, इन्स्पेक्टर गाडी हळू चालवत मागे. गावाबाहेर फाट्यावर रस्ता उजवीकडे वळतो आणि पार सरळ जाते. पारीवरच्या धुळीत कालच्याच चाकाचा पट्टा उमटलेला होता. श्रावणनं मान खाली घालून हँडल उजवीकडे वळवलं.

"ओ भाऊजी!"

पारीवर सोमाजी जाळं सांधत बसला होता. तलावात पाणी गुडघाभरच उरलं होतं, पण त्याचा आवाज पाण्यासारखा आटणारा नव्हता.

"तिकडे कायले चालले? रोज तं इकडून जाता! डोक्याले ऊन लागलं का?"

मागे गाडीचं इंजिन बंद झालं.

"काका," इन्स्पेक्टरनं विचारलं, "ही वाट कुठे जाते?"

श्रावण सायकलवरून उतरला. सोमाजीला वेड्यात काढता आलं असतं. जाळ्याकडे बोट दाखवून, मासोळ्या आणायला जातो कधी कधी, असंही सांगता आलं असतं. पण धुळीतला पट्टा तिघांनाही दिसत होता, आणि खोटं रचून ते निभावण्याइतका दम आता त्याच्यात नव्हता.

"मोठ्या पोस्टाकडे जाते साहेब. फागुनपासून जेठपर्यंत मी इकडूनच येतो. बाकीचे आठ महिने इथं पाणी असते. सायकल घेऊन पोहता येत नाही."

अतुलनं मोबाईलवर नकाशा उघडला. नकाशाही पारीवरूनच नेत होता. सहा पॉइंट एक. त्यानं टोपी काढून कपाळ पुसलं.

"फॉर्ममध्ये अंतराचा रकाना एकच आहे काका. बाराही महिने चालणारा रस्ता धरायचा, असा नियम आहे. पण चार महिने तुम्ही इकडून येता असं मी लिहिलं, तर वरची माणसं सहाच कायम ठेवतील."

"मंग?"

"थैली आजपासून बाराही महिने रस्त्यानंच येईल, असं लेखी द्या. मी अकरा लिहितो. पण उद्या कोणी थैली पारीवर पाहिली, तर तुमचं काम जाईल आणि माझंही."

सोमाजी जाळं टाकून जवळ आला होता. "मी काई चुकीचं बोललो का जी?"

"नाही," श्रावण म्हणाला, "बरोबरच बोलला. थेच तं झालं."

त्यानं मनात हिशेब केला. चैत्र जेमतेम सुरू झालेला. पुढे वैशाख, जेठ. रोज दहा किलोमीटर जास्त, सावली नाही, आणि परतताना महादेवाच्या टेकडीचा चढ. जवळजवळ तीन महिने. बत्तीस वर्षं आठ-आठ महिने तोच रस्ता त्यानं फुकटात तुडवला होता. त्यानं पेन मागितला आणि मोटरसायकलच्या सीटवर कागद ठेवून सही केली.

घरी ललिताबाई ताट वाढता वाढता थांबली. "निघाले डिसेंबर राह्यला, आन् आता उन्हात फेरा घालता? गुडघ्याले इचारलं का?"

"सही केली न."

"सही केली म्हणते! पारीवर काय पोलीस बसला आहे?"

"तुहा भाऊ बसला आहे. पोलिसाच्या वर."

ललिताबाईला हसू आलं, पण दुसऱ्या दिवसापासून ती अर्धा तास आधी उठून त्याचा डबा करू लागली. डब्यासोबत ओल्या फडक्यात गुंडाळलेले दोन कांदेही देऊ लागली.

वैशाखात ऊन सकाळी नऊलाच डोळ्यांवर येई. श्रावण चढावर उतरायचा, सायकल हातात धरून चालायचा, वर पोचला की थांबायचा. डावीकडे कोरडा तलाव आणि त्याच्या कडेनं झाडांची सावली घेऊन जाणारी पार दिसायची. एका दिवशी चेन तुटली आणि चार किलोमीटर पायी यावं लागलं. टपाल वाटायला उशीर झाला तर कुकरवाली बाई त्याच्यावर खेकसली. त्यानं आधी पाणी मागितलं. बोलायला घसा ओला असावा लागतो.

मे महिना संपायला आला तेव्हा थैलीतून एक लांब पाकीट निघालं. रीतानं ते उभ्यानंच फोडलं.

"काका! आदेश आला. अंतर अकरा. पाच तासाची पायरी. हे तुमीच घेऊन आले, पाहा!"

"कधीपासून?"

"एक जूनपासून."

"आन् मागचं?"

रीतानं कागद उलटून पाहिला. मागे कोरा होता. "मागचं काहीच नाही लिवलं." तिचा आवाज चढला. "असं कसं? बत्तीस वर्षं कुठं गेले? मी युनियनले लिवते आजच."

"लिव," श्रावण म्हणाला. त्यानं कागद मागून घेतला, डोळ्यांजवळ धरला, आणि आकड्यावर बोट ठेवून एकदा स्वतः वाचलं. अकरा. मग कागद तिला परत दिला आणि टपाल वाटायला गेला.

दोन वाजता तो परत आला. जाणारी थैली बांधून तयार होती. रस्त्यावरचं डांबर उन्हानं मऊ पडलं होतं, कुत्रीसुद्धा बाहेर नव्हती.

"काका, आज तरी पारीवरून जा," रीता हळूच म्हणाली. "एवढ्या उन्हात कोण पाहते?"

श्रावणनं थैली कॅरिअरला आवळली, गाठ ओढून पाहिली.

"आता अकरा लिवलं आहे न, बेटा," तो म्हणाला, गमछा डोक्याला गुंडाळला, आणि फाट्यावर पोचल्यावर उजवीकडे वळला.