मेल पोहोचला नाही, लेखनिक पोहोचली

आधीच सांगतो, मी लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, बघणारा माणूस आहे. कोणी "आपोआप झालं" म्हणालं की माझं डोकं सरकतं. सॉफ्टवेअरमध्ये आपोआप काही होत नाही — कोणीतरी माती खाल्लेली असते, आणि ती कोणी हे शोधायचा मला पगार मिळतो. इथे येणारे गूढ अनुभव मी चहाबरोबर वाचतो आणि सोडून देतो. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच जरा हसू येतंय... असो.

मंदीचं वर्ष होतं. मी हिंजवडीत एका कंपनीत बेंचवर होतो. म्हणजे रोज जायचं, एसीत बसायचं आणि कधी काढतात याची वाट बघायची. त्या रिकामपणात लिमयेबाईंची वेबसाइट करून दिली. बाई आम्हाला शाळेत गणिताला होत्या. रिटायर झाल्यावर नारायण पेठेतल्या आपल्या फ्लॅटच्या बाहेरच्या खोलीतून त्या अंध विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी लेखनिक मिळवून द्यायच्या — म्हणजे विद्यार्थी उत्तर सांगणार आणि लेखनिक ते पेपरात उतरवून घेणार. एक डायरी, एक फोन आणि ओळखीतल्या उत्साही बायका, एवढाच कारभार. साइटवर मी दोन फॉर्म ठेवले. एक 'लेखनिक हवा आहे', दुसरा 'लेखनिक म्हणून नाव नोंदवायचे आहे'. फॉर्म भरला की बाईंना मेल जाणार. सोपं काम होतं.

एप्रिलमधल्या एका दुपारी बाईंचा फोन आला.

"अहो इंजिनिअरसाहेब, तुमच्या वेबसाइटवरून मला आजवर एकही मेल आलेला नाही."

"बाई, स्पॅममध्ये बघितलंत का?"

"बघितलं. मला वाचता येतं. आणि आत्ता एका मुलीचा फोन आला होता, लेखनिक पाठवल्याबद्दल आभार मानायला. मी कोणालाही पाठवलेलं नाही. ये इकडे."

गेलो. मेलचा घोळ अर्ध्या तासात सापडला, आणि तो माझाच होता. बाईंच्या मेलच्या पत्त्यातलं 'लेखनिक' इंग्रजीत लिहिताना फॉर्मच्या कोडमध्ये मी 'ख'च्या पुढे एक 'ए' टाकला होता; बाईंचा मेलबॉक्स उघडताना तो टाकला नव्हता. सगळे मेल नसलेल्या पत्त्यावर जात होते आणि सर्व्हर ते गुपचूप फेकून देत होता. वर फॉर्म मात्र प्रत्येकाला छातीठोकपणे सांगत होता — 'आपली विनंती पोहोचली आहे.' टेस्टिंग करताना मी माझा पत्ता घालून बघितलं होतं. शेवटी बाईंचा घातल्यावर पुन्हा बघायचा कंटाळा केला. फार लाज वाटली. बाई एवढंच म्हणाल्या, "ताळा करून बघायला शिकवलं होतं मी तुला."

लॉगमध्ये चार विनंत्यांची नुसती नावं दिसत होती. तिघांनी फॉर्म भरून वर फोनही केला होता, कारण पुण्यात वेबसाइटवर विश्वास ठेवतो कोण? त्यांची सोय बाईंनी केली होती. चौथी सुनंदा. तिने विश्वास ठेवला.

सुनंदा वर्ध्याकडची, विश्रांतवाडीला हॉस्टेलवर राहायची. बीएचा एकच पेपर राहिला होता आणि ती शेवटची संधी होती. तो गेला असता तर डिग्री गेली, हॉस्टेल सुटलं, आणि घरचे तिला गावी नेऊन बसवणार हे ठरलेलं. तिच्या कॉम्प्युटरने तिला 'विनंती पोहोचली आहे' असं वाचून दाखवलं आणि ती निर्धास्त अभ्यासाला लागली. पेपरच्या दिवशी केंद्राच्या फाटकाशी खरोखरच एक बाई तिची वाट बघत उभ्या होत्या.

"विमलताई आल्या ना जी. तुम्हीच तं पाठवल्या," असं तिने त्या फोनवर लिमयेबाईंना सांगितलं होतं. बाईंच्या डायरीत विमल नावाचं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सुनंदाचं केंद्र असलेल्या कॉलेजात गेलो. कोणीतरी भली बाई ऐनवेळी पुढे आली असणार, तिचे आभार मानू आणि मोकळे होऊ, असा माझा हिशोब. परीक्षा विभागातल्या क्लार्कने आधी आम्ही कोण, कशाला आलो, पत्र आणलंय का, हे सगळं विचारून घेतलं आणि मग उपकार केल्यासारखी फाइल काढली. लेखनिकाचं हमीपत्र. निळी शाई, वळणदार अक्षर. फोटोची चौकट रिकामी. पत्ता पुण्याजवळच्या मांजरी गावाचा. नाव — विमल टेस्टकर.

मी ते नाव बोट ठेवून पुन्हा वाचलं.

कारण टेस्टकर असं आडनाव कुठे नाही. ते मी तयार केलं होतं. नाव नोंदवायचा फॉर्म तपासताना काहीतरी भरायचं म्हणून भरलं होतं... विमल टेस्टकर, वय चौपन्न, राहणार मांजरी. आपल्याच विनोदावर खुदकन हसलोही होतो. तो मेल फक्त माझ्या मेलबॉक्समध्ये आला. साइटवर नावांची यादी नव्हती, मी कोणाशी बोललो नव्हतो. हमीपत्रावर वयसुद्धा चौपन्नच होतं.

मी हे सगळं बाईंच्या कानात पुटपुटलो. क्लार्क आमच्याकडे टक लावून बघत होता.

"काही प्रॉब्लेम आहे का? यांचा फोटो राहिलाय. ओळखता ना तुम्ही यांना? नसाल तर आत्ताच सांगा, मला वर कळवावं लागेल. अशा केसमध्ये पेपर रद्द होतो."

लिमयेबाईंनी आयुष्यात कोणाला अर्धा मार्क फुकट दिलेला नाही. त्यांनी चष्मा सारखा केला.

"ओळखते म्हणजे काय? आमच्याच आहेत. फोटो मागून घ्यायचं तुमच्या माणसांना सुचलं नाही, त्याला आम्ही काय करणार?"

फाइल बंद झाली. बाहेर आल्यावर बाई पायरीवर बसल्या आणि पाणी मागितलं. "खोटं बोलले मी," म्हणाल्या. मग एक घोट घेऊन, "बोलले का रे?"

मी बाटलीचं झाकण लावलं.

नंतर जमेल तेवढं खणलं. माझ्या मेलबॉक्समध्ये दुसऱ्या कोणाचं लॉगिन नाही. सुनंदाची विनंती सर्व्हरने फेकलेली, तिची कॉपी कुठेही नाही. मांजरीत जाऊन चौकशी केली, लोकांनी वेड्यात काढलं. ऑफिसातल्या कोणी चेष्टा केली म्हणावं, तर बेंचवरच्या माणसाशी तेव्हा कोणी धड बोलतही नव्हतं.

रिझल्ट लागला. सुनंदा पास झाली. विमलताईंना पेढे द्यायचेत, पत्ता द्या, म्हणून तिने बाईंच्या मागे धोशा लावला. शेवटी मीच हॉस्टेलवर गेलो आणि खरं काय ते सांगून टाकलं. तुझा मेल कोणालाही मिळाला नव्हता, चूक माझी. आणि विमल टेस्टकर नावाचं माणूसच नाही, ते नाव मी बनवलंय.

ती जराही दचकली नाही.

"दादा, तुम्ही तरी मले कुठं दिसून राहिले? आवाज येते म्हणून मानते ना मी. त्यांचाही येत होता."

"कशा होत्या?" मी विचारलं.

"चांगल्या होत्या जी. तीन तासात एकदाही नाही म्हटलं की हळू सांग. पेपर झाल्यावर बसमध्ये बसवून दिलं. अन् जाता जाता म्हणे, पुन्हा लागलं तर बोलव हं. नाव नोंदवून ठेवलंय, पण मला कोणी बोलवतच नाही."

पेढ्यांचा पुडा तिने माझ्या हातात दिला. भेटल्या तर द्या, म्हणाली. मी घेतला. तो टेस्ट मेल आला त्याच मिनिटाला मी डिलीट करून टाकला होता, हे काही तिला सांगवलं नाही.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. बाईंकडे विषय काढला तर त्या चहाचं विचारतात. कुठलाही फॉर्म तपासायचा असला की आता मी माझं स्वतःचं नाव टाकतो.