पिवळे खण

शहराच्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत त्याला सगळे ‘बिनचूक’ म्हणायचे, अर्थात पाठीमागे. “माझी शीट बिनचूक असते,” हे तो उठता-बसता ऐकवायचा. घरोघरच्या नळाच्या पाण्यात जंतू मारणारं क्लोरीन किती उरलंय, ते आकडे कॉम्प्युटरवर भरायचे आणि महिन्याची सरासरी वर पाठवायची, एवढंच त्याचं काम. पण रुबाब असा, की जणू शहराला पाणी हाच पाजतो.

एखादा आकडा फार कमी आला, की नमुना घेणाऱ्यानेच घोळ घातला असं तो धरून चालायचा. आकड्यापुढे प्रश्नचिन्ह टाकायचा, शीटमधला तो खण पिवळा रंगवायचा आणि ‘नंतर बघू’ म्हणून पुढे सरकायचा. ते नंतर कधी उजाडलं नाही.

शेजारच्या टेबलावरच्या केमिस्ट बाईंनी एकदा विचारलं, “हे पिवळं काय आहे? कुठे लिहून तरी ठेवा.”

“तुम्ही तुमच्या नळ्या धुवा,” तो म्हणाला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं तुटलं.

टेकडीमागच्या वस्तीत त्याची धाकटी बहीण राहायची. तिचा फोन आला. “दादा, पाण्याला वास येतोय. उकळून घेतेय मी.”

“गॅस फुकट जाळू नकोस. रिपोर्ट माझ्या हातचा आहे, पाणी उत्तम आहे.”

तिने ऐकलं. पुढे वस्तीत कावीळ पसरली, दवाखान्यात खाटा पुरेनात, आणि तिची मुलगीही आडवी पडली.

चौकशीला आलेल्या इंजिनिअरने शीट उघडून पिवळ्या खणावर बोट ठेवलं. “हे काय?”

“संशयास्पद आकडे.”

“संशय होता, तर पुन्हा नमुना का नाही मागवला?”

इंजिनिअरने एक प्रश्नचिन्ह खोडलं. तळाची सरासरी खाली आली. दुसरं खोडलं, आणखी घसरली. चिन्ह चिकटलं, की शीट त्या खणाला आकडा मानतच नव्हती, अक्षरं समजून वगळत होती. टेकडीमागचे जवळजवळ सगळे आकडे असेच बाहेर राहिले होते. उरलेल्या शहराची सरासरी मात्र झकास.

“मशीनने सांगायला नको?” तो खेकसला.

“मशीनच्या नावाने शंख करू नका,” केमिस्ट बाई म्हणाल्या. “मी विचारलं होतं.”

त्याची रवानगी भांडारात झाली. वस्तीच्या फुटक्या पाइपात गटाराचं पाणी शिरत होतं, तो बदलला. भाची दवाखान्यातून घरी आल्यावर तो बहिणीकडे गेला. तिने दार उघडलं, पण बस म्हणाली नाही.

“तुझ्या शब्दावर उकळणं बंद केलं मी.”

“अगं, मला काय ठाऊक, शीटमध्ये...”

“शीटचं नाव काढू नकोस माझ्या घरात!” तिने नळाखाली पेला भरून त्याच्यापुढे आदळला. “उत्तम आहे ना? पी.”

पाणी आता खरोखर चांगलं होतं. नवे आकडे त्याने प्रयोगशाळेत जाऊन स्वतः वाचले होते. त्याने पेला ओठांपर्यंत नेला, आणि तसाच खाली ठेवला.

आतल्या खोलीतून भाची बघत होती. “आई,” ती म्हणाली, “मामाला जायला सांग.”