लकी खोलीची बंद खिडकी

"फ्लू आहे, आणि त्यावर न्यूमोनिया झालाय," डॉक्टरबाईंनी एक्स-रे उजेडाला धरून सांगितलं. मी औषधांचं विचारणार तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "तुमच्या खोलीला खिडकी आहे का?"

मला संताप आला. माझी लेक शेजारच्या पलंगावर धापा टाकतेय आणि ही बाई खिडकीची चौकशी करतेय. "आहे, पण बंद आहे," मी तोडून उत्तर दिलं.

"कधीपासून?"

ते मलाही माहीत नव्हतं. आम्ही राहायला आलो तेव्हा ती बंदच होती.

मी चाकूरची. तिथं आमचं किराणा दुकान आहे, ते नवरा बघतो. शिवानी बारावीला आहे, मेडिकलच्या 'नीट' परीक्षेची तयारी करते, म्हणून मी तिच्याबरोबर लातुरात खोली करून राहते. आमच्याकडे हे काही नवं नाही. क्लासच्या भागात गल्लीगल्लीत माझ्यासारख्या आया आहेत. डबे करायचे, कपडे धुवायचे आणि लेकरू टेस्टहून आलं की दारातच त्याचं तोंड वाचायचं.

आमची खोली साधीसुधी नाही, ती 'लकी खोली' आहे. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी मोठ्या हॉलमध्ये प्लायवूडच्या भिंती घालून खोल्या पाडल्या आहेत. भिंती छतापर्यंत पोचतसुद्धा नाहीत. बोळीत तीन मुलींचे फोटो लावलेत आणि त्यांना मेलेल्या माणसांना घालतात तसे चंदनाचे हार घातलेत. तिघीही याच खोलीत राहून मेडिकलला लागल्या. अण्णा खोली दाखवत होते तेव्हा मी विचारलं होतं, "अण्णा, खिडकीवर हा पत्रा कशाचा?"

"पहिल्या पोरीच्या बापानं मारला. पोरीचं ध्यान भाहीर जाऊ न्हाई म्हणून. तवापासून त्याला कुणी हात लावला न्हाई बघा. अन् लावूबी नका, ताई."

नवऱ्यानं मान डोलावली. सासूबाईंनी फोनवर ऐकून तिकडूनच हात जोडले असणार. वयात आलेल्या पोरीच्या खोलीची खिडकी बंद, एवढं ऐकूनच सगळं घर खूश झालं.

दिवाळी झाली, थंडी पडली आणि क्लासमध्ये खोकला सुरू झाला. एका बाकावर चार-पाच जणी, आजारी पडली तरी कुणी घरी राहत नाही, कारण टेस्ट बुडते. शिवानीला आधी अंगदुखी, मग सडकून ताप आला. सासूबाईंचा फोन आला, "गवरीवर गुग्गुळ अन् ओवा टाकून धुरी दे. हवेतले जंतू मरतेत." त्यांना तसं व्हॉट्सॲपवर आलं होतं. मी धुरी दिली. डासांसाठी कॉइल होतीच. त्याच खोलीत गॅस, त्याच खोलीत फोडणी, थंडीत वाळत नाहीत म्हणून ओले कपडेही त्याच खोलीत दोरीवर. दाराची फटसुद्धा मी टॉवेलनं बुजवली, गार वारा लागू नये म्हणून. त्या खोलीत शेजारचा खोकलासुद्धा प्लायवूडवरून सरळ आमच्याकडे येत होता. शेजारच्या खोलीत कंधारच्या शकुंतलाबाई आणि त्यांची लेक राहतात. आमच्या खोलीचं बघून त्यांनीही आपल्या खिडकीवर पत्रा मारून घेतला होता.

ताप उतरला आणि आता बरी होणार असं वाटत असतानाच पुन्हा चढला. छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. बोलताना वाक्य पुरं होईना. हे वाचणाऱ्यांनी एवढं नक्की लक्षात ठेवावं: फ्लूचा ताप जाऊन परत आला आणि दम लागू लागला, तर काढा करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

दवाखान्यात बोटाला चिमटा लावला. त्याला पल्स ऑक्सिमीटर म्हणतात, रक्तात ऑक्सिजन किती पोचतोय ते त्यावर कळतं. आकडा नव्वदच्या खाली होता. लगेच दाखल करून घेतलं. न्यूमोनिया म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांत हवेऐवजी पाणी आणि पू साचतो, असं बाईंनी मला समजावलं. शिट्टीचा आवाज म्हणजे व्हीझ. श्वासाच्या नळ्या सुजून अरुंद झाल्या की तो येतो. त्यासाठी नेब्युलायझर, म्हणजे औषधाची वाफ मास्कमधून ओढायची.

वाफ घ्यायच्या जागी बाकावर पोरी ओळीनं बसलेल्या. एका हातानं मास्क धरायचा, दुसऱ्या हातात बायोलॉजीच्या नोट्स. एकीची आई तिला प्रश्न विचारत होती आणि ती मास्कच्या आतून ए, बी, सी, डी सांगत होती. ते बघून मला रडू यायला हवं होतं, पण सगळ्या लातुराला धरून गदागदा हलवावं असं वाटलं.

"धुरी दिली होती का?" बाईंनी विचारलं.

"दिली होती. जंतू मरावेत म्हणून."

"धुरानं फ्लूचा विषाणू मरत नाही. आधीच सुजलेल्या नळ्या तेवढ्या आणखी सुजतात. कॉइलचंही तेच. आजारी माणूस खोकतं ते बंद खोलीत हवेतच तरंगत राहतं, आणि तुम्ही सगळे तीच हवा पुन्हा पुन्हा ओढता. खिडकी उघडा. समोरासमोर दार-खिडकी उघडी ठेवा. थंडी वाजली तर अंगावर पांघरूण घ्या, खोलीवर घालू नका."

शिवानीनं हे ऐकलं आणि ऑक्सिजनचा मास्क बाजूला ओढला. "आई, पत्रा काढू नको गं. खोलीचं लक जाईल."

अख्खं बायोलॉजी पाठ असलेली माझी पोर हे बोलली! फुप्फुसाची आकृती झोपेतसुद्धा काढेल ती. मी मास्क परत तिच्या तोंडावर बसवला. पोरीवर नव्हता राग. तिच्या डोक्यात हे भरवणाऱ्या आम्हा सगळ्यांवर होता.

नवरा चाकूरहून आला. तिच्याजवळ त्याला बसवलं आणि मी तडक खोलीवर गेले. अण्णा बोळीतच खुर्ची टाकून बसले होते.

"अण्णा, पत्रा काढायचाय."

"असं कसं करायलात, ताई? थंडीत तर सगळीच पोरं बिमार पडतेत. ह्या खोलीतून तीन डॉक्टर झालेत."

"तीन डॉक्टर झाले, आणि एकीलाही खिडकी उघडावी वाटली नाही?"

आवाज ऐकून शकुंतलाबाई बाहेर आल्या. त्यांनी माझा हात धरला. "ताई, नका वं हात लावू. आमचीबी भित एकच हाय. तुमच्या खोलीचं लक जरा आमच्या पोरीलाबी लागंल म्हणून तर आम्ही हितं आलो."

अण्णांना जोर चढला. त्यांनी खिशातून फोन काढला. "थांबा. पहिल्या पोरीलाच विचारा. आता नांदेडला मेडिकलला हाय." त्यांनी फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि फोटोकडे बघत मोठ्यानं विचारलं, "बेटा, सांग बरं ह्या ताईला, आपली खोली कशी हाय?"

पलीकडून ती म्हणाली, "खोली होय अण्णा? खरं सांगू का? बाबांनी पत्रा मारला अन् मला तिथं बसवेचना. डोकं लई दुखायचं. मी खोलीत फक्त झोपायचे. अभ्यास सगळा गच्चीवर केला, टाकीच्या सावलीत. तुम्हीच तर ओरडायचे की, पोरगी गच्चीवर काय करते म्हणून."

अण्णांनी घाईनं फोन कापला, पण स्क्रीनवरचा नंबर तेवढ्यात मी टिपून घेतला. गच्चीच्या दाराला मी आल्यापासून भलंमोठं कुलूप आहे. पोरी वर जातात म्हणून त्यांनीच ते लावलंय. त्या पोरीच्या नावावर ते भाडं घेत होते, आणि जिथं बसून ती मेडिकलला लागली ती जागा कुलूपबंद करून ठेवली होती. मला तेव्हा काय काय बोलावंसं वाटलं ते इथं लिहिता येणार नाही. बरंचसं बोललेसुद्धा.

मग कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून पेचकस आणला आणि पत्र्याचे गंजलेले स्क्रू एकेक करून काढले. अण्णा दारात उभे राहून बघत होते. पत्रा खाली पडला आणि फटींतून मागं शिरून साचलेला काजळीचा थर दिसला. तो सगळा आमच्या आधीच्या आणि आमच्या कॉइलचा, धुरीचा, फोडण्यांचा होता. बाहेर लिंबाचं झाड होतं. इतके महिने मला तेसुद्धा माहीत नव्हतं.

शिवानी दवाखान्यातून खोलीवर आली ती भिंतीला धरत धरत. खिडकी बघून आधी रडली, माझ्याशी बोलेना. मी तिला त्या मुलीचा नंबर लावून दिला. दोघी किती तरी वेळ बोलल्या. फोन ठेवल्यावर तिनं गुपचूप आपलं टेबल खिडकीपाशी ओढलं. एक महत्त्वाची टेस्ट बुडाली. बुडू दे. श्वास घेता येईना तर टेस्टमधल्या नंबराचं काय लोणचं घालायचं?

आता आमच्याकडे धुरी बंद, कॉइल बंद, पलंगाला मच्छरदाणी आहे. फोडणी देताना खिडकी सताड उघडी. कपडे बाहेर दांडीवर. कुणाला खोकला आला की तो मास्क लावतो आणि खिडकीच्या बाजूला झोपतो. यातलं काहीच अवघड नाही, म्हणून तर जास्त राग येतो. त्या डॉक्टरबाईंचे उपकार मी विसरणार नाही. त्या दिवशी त्यांनी औषधाआधी खिडकीचं विचारलं. लेकरासाठी खोली बघायला जाल तेव्हा तुम्हीही भिंतीवरच्या फोटोंआधी तेच विचारा.

अण्णांचा राग अजून गेलेला नाही. माझाही नाही. गच्चीचं कुलूप तसंच आहे, त्यासाठी आमची रोज भांडणं होतात.

परवा दुपारी मी खिडकीत मेथी निवडत होते. प्लायवूडच्या पलीकडे शकुंतलाबाईंची लेक खोकत होती, खोकत होती, थांबतच नव्हती. मग दार वाजलं. शकुंतलाबाई उभ्या होत्या. त्यांनी आधी बोळीत अण्णांच्या खुर्चीकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "ताई, तुमचा पेचकस द्या जरा."