इंगूबाईंचा माहेरचा सण

इंगूबाई मूळच्या नॉर्वेच्या, हे त्यांच्याकडे पाहून कळे आणि त्यांचं बोलणं ऐकून विसरायला होई. मी त्या गावच्या शाळेत मास्तरीण म्हणून रुजू व्हायला आले, तेव्हा दवाखान्याच्या दारातून एक उंच, पिवळ्या केसांची, उन्हानं टोमॅटोसारखी लाल झालेली बाई माझ्यावर ओरडली, "काऊन वं, उनात उभी राहून काय पाहून राह्यली? आत ये, पानी पे!" मी आजूबाजूला पाहिलं. बोललं कोण, तेच कळेना.

खरं नाव इंगेबोर्ग. गावानं पहिल्या आठवड्यातच त्याची छाटणी करून टाकली होती. वर्धा जिल्ह्यात, अल्लीपूरच्या अलीकडचं आमचं गाव; तिथल्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या. मराठी त्या पुस्तकातून नव्हे, बाळंतिणींकडून शिकल्या होत्या. त्यामुळे त्यांच्या भाषेत हुकूम फार आणि लाजलज्जा कमी. माझी मराठी त्यांना अजिबात पसंत नव्हती. "तू पेपरासारखी बोलते," त्या म्हणत, "पोट दुखलं तर काय म्हनशीन? उदरशूल?"

एरवी शहाणी असलेली ही बाई मे महिना लागला की बिघडत असे. सतरा मे हा त्यांच्या देशाचा मोठा सण. त्या दिवशी तिकडे गावोगावची मुलं झेंडे घेऊन मिरवतात म्हणे. तिकडे तेव्हा नुकतं बर्फ वितळलेलं असतं. आमच्याकडे त्या सुमारास कावळेसुद्धा चोच उघडी टाकून बसतात. पण सतरा तारखेला पहाटे इंगूबाई आपला सणाचा पोशाख चढवणार म्हणजे चढवणारच. पायघोळ काळा घागरा, तोही लोकरीचा! वर भरतकामाची चोळी आणि छातीवर लोंबत्या पदकांचं चांदीचं फूल. मग दारात खुर्ची टाकून त्या एकट्याच ताठ बसत आणि घाम पुसत. "काढा हो ते, भोवळ येईल," मी म्हटलं, तर म्हणाल्या, "तू दिवाळीत जुनं लुगडं नेसते का?"

एका वर्षी त्यांच्या मनानं घेतलं की एकटीनं बसायचं नाही, पोरांची मिरवणूक काढायची. शाळेला सुट्टीच होती, पोरं मोकळी होती. इंगूबाईंनी त्यांना उंचीप्रमाणे उभं करून ओळ बांधली. कोण कुठल्या मोहल्ल्यातलं, हे विचारायचं त्यांना सुचत नसे. की सुचत असे, आणि म्हणूनच उंचीप्रमाणे? पोरांना 'हुर्रा' शिकवता शिकवता मात्र त्यांचा घसा बसला. घोषणेला 'जय' म्हणायचं एवढंच पोरांना ठाऊक. त्यांनी 'हुर्रा' म्हटलं की पोरं एका सुरात 'जय' म्हणत.

आणि मग जेलवाले दादाजी आडवे आले. दादाजींची सासुरवाडी आष्टीची. बेचाळीसात ते तिकडे गेले आणि त्या धामधुमीतून थेट तुरुंगात पोचले. गावात त्यांचा शब्द मोठा, आणि भाषण तर त्याहून मोठं. गुडघ्याला मलम लावून घ्यायला आले, तो इंगूबाई झेंडा शिवत बसलेल्या. लाल कापड, त्यावर पांढऱ्या काठाची निळी फुली.

"हे काय होय?"

"आमचा झेंडा. परवा मिरवनूक हाय."

"बाई, गोऱ्याचा एक झेंडा उतरवाले मी जेलात गेलतो. आता दुसरा गावात फिरू देनार नाई."

इंगूबाई आता कडाडणार, असं मला वाटलं. त्यांनी सुई खोचली, कापडाची घडी केली. "तुमचं खरं हाय, दादाजी," म्हणाल्या, आणि संध्याकाळी पोरांना घरी पाठवून दिलं. त्या दिवशी त्यांनी मला एकदाही टोमणा मारला नाही. मला तो दवाखाना खायला उठला.

बाई भांडली नाही, म्हणून दादाजींनाही चैन पडेना. दुसऱ्या दिवशी ते विनाकारण गुडघा घेऊन हजर. बराच वेळ खाकरून त्यांनी विचारलं, "तुमच्या देशात राज इंग्रजाचंच का?"

"नाई. आमचंच. पन मधात पाच वर्स जर्मन येऊन बसलते. तवा हा सन बंद. झेंडा लावला का जेल."

"मंग?"

"माहे वडील मास्तर होते. त्याइले हुकूम आला, पोराइले आता आमचं शिकवा. ते म्हनले, नाई शिकवत. लय मास्तर तसेच म्हनले. धरून नेलं, पार बर्फात, कामाले लावलं."

"कोनतं साल?"

"बेचाळीस."

दादाजींनी गुडघ्यावरचा हात काढला. "बेचाळीस?"

"हो."

"वापस आले?"

"आले. खोकला घेऊन आले. झेंडा पुन्हा लागला, तवा ते नव्हते."

दादाजी उठले, दारापर्यंत गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "उद्या किती वाजता हाय? मी येतो. पन माहा झेंडा बी येईन."

"येऊ द्या ना. पुढं चालवा."

सकाळी ऊन तापायच्या आत मिरवणूक निघाली. पुढे पांढरी टोपी घालून, तिरंगा धरलेले दादाजी, त्यामागे आपला फुलीचा झेंडा धरलेल्या, लोकरीतल्या इंगूबाई, मागे उंचीप्रमाणे पोरं. बाया दारात आल्या. "काय वं हे?" "बाईच्या माहेरचा सन हाय." एवढं पुरे झालं. माहेरचा सण म्हटल्यावर हात रिकामे कसे ठेवायचे? एकीनं कुंकू लावलं, दुसरीनं ओटी भरली. त्या परदेशी घागऱ्याला ओचा नव्हता, म्हणून नारळ आणि तांदूळ धरायला मी माझा पदर पुढे केला.

पारावर दादाजींचं भाषण झालं. ते नॉर्वेवरून निघालं आणि नेहमीप्रमाणे बेचाळीसात जाऊन रुतलं. पोरं चुळबुळू लागली. मग ते एकदम थांबले. त्यांनी वाकून इंगूबाईंना वडलांचं नाव विचारलं. दोनदा म्हणून पाहिलं, जमेना. शेवटी हात वर करून ते ओरडले, "बाईच्या मास्तरबाबा की..."

"जय!" पोरांना हे येत होतं.

जन्मभर दुसऱ्यांना 'रडू नको' म्हणून दटावणारी बाई तोंड झाकून पाराच्या कडेला बसली. दादाजी आपल्या उपरण्यानं त्यांना वारा घालत राहिले.

पुढच्या वर्षांत त्या मिरवणुकीत पन्हं आलं, डफ आला, भाषण आणखी वाढलं. लग्न होऊन आलेल्या सुना तो गावाचाच जुना सण समजू लागल्या. मग माझी बदली झाली. हिंगणघाटच्या मोटारीत मी बसले आणि मला हुंदका आवरेना. आपल्या गावापासून हजारो कोस दूर येऊन राहिलेली बाई खाली उभी होती, आणि मी वर्धा जिल्ह्यातल्या वर्धा जिल्ह्यात चालले होते!

"रडू नको," इंगूबाई खिडकीतून डाफरल्या. मोटार सुरू झाली, तशा दोन पावलं बरोबर चालत म्हणाल्या, "मे महिन्यात शाळेले सुट्टीच असते. माहेराले येजो."