बायको माहेरले गयेल शे

एखादं काम आपटलं की त्याचं कुणी नावही घेत नाही. काम चाललं की मात्र ज्यानं नुसती वायर धरली होती, तोही दहा किस्से सांगत फिरतो. आमची कॅसेट अख्ख्या खान्देशात चालली, त्यामुळे धुळ्यात आज भेटेल तो म्हणतो, "मी तेव्हा तिथंच होतो!" तिथं म्हणजे नानांच्या कॅसेटच्या दुकानावरच्या माळ्यावर. तिथं चार माणसं बसली की पाचवा जिन्यात उभा राहायचा. मी कीबोर्ड वाजवायचो, म्हणजे मी खरंच होतो.

*

मुंबईहून रॅपची एक कॅसेट दुकानात आली आणि कॉलेजची पोरं तिच्यावर तुटून पडली. नानांनी ती ऐकली, उलटी करून पुन्हा ऐकली आणि मला विचारलं, "ह्यात गाणं कुठंय रे?"

"नाना, ह्यात गात नाहीत. ठेक्यावर भराभर बोलतात."

"मग त्याला मुंबई कशाला पाहिजे? आपला हिरामण आहे की."

हिरामण रिक्षाला भोंगा लावून जाहिराती करायचा. सर्कस, साड्यांचा सेल, बैलांचं औषध, काहीही द्या, पठ्ठ्या धुळ्यापासून शिंदखेड्यापर्यंत दम न घेता बोलायचा. त्या दिवसांत मात्र गडी उदास होता. त्याची बायको मंगला रुसून दोंडाईच्याला माहेरी गेली होती आणि सासरे, म्हणजे आबा, तिला पाठवायला तयार नव्हते.

हिरामण म्हणाला, "तिनावरच गानं करूत. आयकीसन हासनी म्हंजे ई जाई."

गाणं ऐकून हसली की घरी येईल, असं त्याला खरोखर वाटत होतं. आम्हाला काय, विषय मिळाला.

*

मी यमकांची वही घेऊन बसलो. दोन ओळी जुळवता जुळवता माझा घाम निघाला. हिरामणनं वही बंद केली. "यमकले काय लागस? आपलं बठ्ठं 'शे'वरच थांबस."

आणि त्यानं सुरू केलं:

"बायको माहेरले गयेल शे,
चूल थंडी पडेल शे,
सासरा दारमा बठेल शे,
त्याना हातमा काठी शे!"

'आहे'ला 'शे' म्हणणाऱ्या माणसाचं सगळं 'शे'वरच थांबतं, त्याला यमक फुकटच मिळतं, हे तोवर आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझी वही नानांनी पुढं उधारी लिहायला वापरली.

*

रेकॉर्डिंगला भिंतींवर गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला, माईक लावला. हिरामणच्या तोंडातून शब्द फुटेना. स्थिर बसून बोलायची सवयच नाही म्हणे, अंगाखाली काहीतरी हादरलं पाहिजे. नानांनी बराच विचार केला आणि माईकची वायर खिडकीतून खाली सोडली. खाली रिक्षा चालू ठेवली, हिरामणला मागच्या सीटवर बसवलं. मग जे सुटला ते सुटलाच. शेवटी सवयीनं म्हणून गेला, "आज संध्याकाळी, मैदानात, सहकुटुंब यावे!"

नाना म्हणाले, राहू दे, रॅपमध्ये असलं काहीतरी असतंच. कॅसेट बाजारात आल्यावर कित्येक दिवस खेड्यापाड्यांतून लोक दुकानात विचारायला यायचे, "कोनतं मैदान?"

*

कव्हरवर हिरामण गॉगल लावून दुसऱ्याच्या मोटरसायकलवर बसलेला. वर छापायचं होतं 'खान्देशी पॉप रॅप'. प्रेसवाल्याकडे अर्धचंद्राचा खिळा नव्हता. छापून आलं, 'खान्देशी पाप रप'.

नानांनी डोक्याला हात लावला, पण कव्हरं छापून झाली होती. पिंपळनेरच्या एका अक्कांनी पापावरचं कीर्तन समजून कॅसेट नेली आणि भजनी मंडळात लावली. आठवड्यानं अक्का दुकानात शिरताना दिसल्या, तेव्हा नाना काउंटरखाली बसले. मी पुढं झालो.

अक्का म्हणाल्या, "पापनी कॅसेट बठ्ठास्ले आवडनी. पुण्यनी कव्हय येई?"

*

माल हातोहात खपायला लागला. जळगावकडून केळीवाल्यांच्या पट्ट्यातला एक दुकानदार आला. त्यानं कॅसेट ऐकून मान हलवली. "नाना, माल चांगला आहे, पण आमच्याकडची बोली वेगळी. आमच्याकडं 'शे' ऐकलं की लोक हसतात."

"मग काय रडायला केली होती?" नाना म्हणाले.

तो खोकं उचलून घेऊन गेला आणि पुढच्याच बाजाराला आणखी न्यायला आला.

*

सगळीकडे असा आनंदीआनंद, आणि हिरामणचा संसार मात्र खड्ड्यात चालला होता. गाणं दोंडाईच्यालाही पोचलं होतं. वराती मुद्दाम आबांच्या दारापुढं थांबायच्या, बँडवाले तेच वाजवायचे, पोरं 'सासरा दारमा बठेल शे' म्हणून नाचायची. आबा चिडून बाहेर यायचे. हातात खरीखुरी काठी! मग तर वरात तासभर हलायची नाही.

आबांनी निरोप धाडला, पोर आता पाठवतच नाही. कॅसेट जितकी खपत होती, तितकी वहिनी लांब जात होती. हिरामण माळ्यावर येऊन रडला. "नाना, बंद करा ते गानं."

"बाबा, मी केलं बंद. पण बाजारात डुप्लिकेट आली आहे, तिला कोण बंद करणार?"

तेव्हा पहिल्यांदा आम्हा कुणाला हसू आलं नाही.

*

आणि एका दुपारी मंगला वहिनी आबांना घेऊन दुकानात हजर. आबांच्या हातात काठी होती. आता हिरामणला बदडणार, अशा तयारीनं आम्ही उभे राहिलो. वहिनी सरळ जिना चढून माळ्यावर गेल्या आणि माईक शोधत म्हणाल्या, "बोलानं कशामा?"

नानांनी घाईघाईनं टेपचं बटण दाबलं. मी विचारलं, "वहिनी, ठेका देऊ?"

"नको."

आणि त्या बोलायला लागल्या. पाण्याचा हंडा आणताना पाय मुरगळला ते सांगितलं, तर हा साड्यांच्या सेलचं पाठ करत होता. आई आजारी आहे सांगितलं, तर हा "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" करत होता. दिवसभर गावाशी बोलतो आणि घरी येऊन भिंतीकडं तोंड करून झोपतो. एक एक वाक्य, रडणं नाही, ओरडणं नाही. हिरामण जिन्यात उभा होता, तिथंच खाली बसला.

त्या थांबल्या. नानांनी टेप पाहिला आणि जीभ चावली. घाईत एकच बटण दाबलं होतं, रेकॉर्डचं राहिलंच होतं.

"पोरी, फार झकास झालं. एकदा परत सांग. टेप लागलाच नव्हता."

वहिनी म्हणाल्या, "हाईच मी घरमा रोज सांगत व्हतू. तव्हय कोना टेप लागेल व्हता?"

मग जिन्यातून हिरामणचा आवाज आला, भोंग्याशिवायचा, अगदी बारीक. "मी आयकं."

वहिनींनी त्याच्याकडं पाहिलं. मग वडिलांकडं वळून म्हणाल्या, "आबा, तुम्हीन निंघा. तुम्हनी गाडी चुकी जाई."