एक बटण दाबून जा

जॉन्सनव्हिलच्या आमच्या शेजारच्या गोऱ्या गृहस्थांइतका परक्याच्या बोटांवर विश्वास असलेला माणूस साऱ्या न्यूझीलंडात नसेल. तरुणपणी ते एका बँडमध्ये कीबोर्ड वाजवत. घरोघरी कम्प्युटर नुकते येऊ लागले होते, तेव्हा या बँडने आपल्या गाण्यांच्या कॅसेटवर एक प्रोग्रॅमही भरला होता. तो कम्प्युटरवर चढवला की टीव्हीच्या पडद्यावर रंगीत चौकोन येत, आणि बटण दाबाल तसे सूर आणि चित्र दोन्ही बदलत. ऐकणाराच वाजवणारा. लोकांनी ते फारसं मनावर घेतलं नाही, यांनी मात्र ते कधी सोडलं नाही. मीटर वाचायला आलेला असो की पत्ता चुकलेला, "एक बटण दाबून जा" म्हणून ते त्याला आत बसवत. प्रोग्रॅम चढायला दहा मिनिटं लागत. तेवढ्यात कोणी चाललं तर कॅसेट अडखळते अशी त्यांची श्रद्धा, त्यामुळे भर थंडीत जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, दाराबाहेर काढून सगळ्यांनी पाय वर घेऊन बसायचं.

बाबा गेल्यावर मी आईला पुण्याहून इथे आणलं. ती खिडकीशी बसून राहायची, विचारलं तेवढंच बोलायची. एकदा कुंपणापलीकडून "किया ओरा" असा इथला माओरी नमस्कार करत त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. दहा मिनिटं आई पाय वर घेऊन गप्प बसली. तेव्हा तिला तेच जमत होतं. मग तिने बटणं दाबली, निळे-पिवळे चौकोन उमलले. एकच बटण तिने तीनदा दाबलं.

"यांना सांग, हा निषाद उतरलाय."

मी भीतभीत इंग्रजीत सांगितलं. ते उठून उभेच राहिले.

"चाळीस वर्षांत एवढं नीट कोणी ऐकलं नव्हतं," ते म्हणाले. "आईंना विचार, उद्या येतील का? हीप्स काम आहे, ढीगभर."

मग रोज सकाळी साडीवर स्वेटर चढवून आई "कामाला जाते" म्हणून निघायची. ती गाऊन दाखवायची, ते प्रोग्रॅममधला आकडा बदलायचे, ती मान हलवायची. ती मराठीत बोले, ते इंग्रजीत. तिसऱ्या आठवड्यात निषाद जागेवर आला. त्या दिवशी घरी येऊन ती पहिल्यांदा बाबांबद्दल बोलली, रडली आणि पोटभर जेवली.

आई पुण्याला परतली. यंदा ते गृहस्थही हॅमिल्टनला मुलीकडे राहायला गेले. ते निघताना मी आभार मानू लागलो, तर "स्वीट ॲज", म्हणजे त्यात काय एवढं, म्हणून ते कॅसेटच्या खोक्याला सीटबेल्ट लावत बसले.

फोनवर आईला हे सांगितलं.

"तिथे त्यांच्याजवळ बसायला कोण आहे?"

"मुलगी असते. पण दिवसभर कामाला."

ती म्हणाली, "हॅमिल्टन किती लांब?"

"गाडीने सहा तास."

"जाऊन ये एकदा. आणि लगेच उठू नकोस."