आईची सुरगाठ

आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये माणूस चांगला की वाईट हे ठरवायची एक सोपी पद्धत होती. तो शुद्ध बोलतो का, एवढंच बघायचं. ‘आणि’ला ‘आनि’ म्हणणाऱ्या भाजीवाल्याचा काटा डोळ्यांत तेल घालून बघणाऱ्या बायका स्वच्छ मराठी बोलणाऱ्या कुणालाही घरात बोलावून सरबत द्यायच्या. माझी आई त्यात सगळ्यांच्या पुढे. लग्नाआधी ती शाळेत मराठी शिकवायची, त्यामुळे तर विचारायलाच नको.

ती बाई आमच्याकडे आली संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. नव्वद साल उलटून गेलं होतं आणि मी अकरावीत होते. शेजारच्या काकूंबरोबर आली. कडक इस्त्रीची सुती साडी, कानात मोत्याच्या कुड्या, आणि बोलणं असं की आईला माहेरचं कुणी भेटल्यासारखं झालं. देवासमोर उभं राहून तिनं हात जोडले, वाण घेतलं, तिळगूळ घेतला आणि जाता जाता, अगदी सहज, आपण बायकांना घरबसल्या काम देतो असं सांगितलं. प्लास्टिकच्या मोत्यांच्या माळा ओवायच्या. मोती, दोरा, सुई ती देणार, तयार माल तीच नेणार, पुढे कारखान्यात माळांना हुक लागणार आणि त्या परदेशी जाणार. फक्त मालाचं डिपॉझिट आधी भरायचं होतं.

बाबा मानपाड्याच्या बाजूला एका कंपनीत होते. त्या भागातल्या बायका खरोखरच घरी काम करायच्या. टेम्पोतून रबरी वॉशरची पोती यायची, बायका कात्रीनं कडेचं जास्तीचं रबर कापायच्या, पोती वजन करून परत जायची आणि आठवड्याची मजुरी हातात पडायची. बाबांनी एवढंच विचारलं की तिकडे कामाला लावताना कुणी बायकांकडूनच पैसे घेत नाही, मग इथे का? आई म्हणाली, ते रबराचं काम, हात काळे होतात, आपल्याला शोभत नाही. हे एक्सपोर्टचं आहे. बरं, निदान पावती तरी माग, असं बाबा म्हणाले. त्यावर आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पेपरात तोंड घालून बसले. हळदीकुंकवाला आलेल्या बाईकडे पावती मागायची, हे बरं दिसतं का?

आमचं सगळं घर ‘शोभत नाही’ आणि ‘बरं दिसत नाही’ या दोन वाक्यांवर चालायचं. मला त्यांचा तेव्हाही राग यायचा. आता जास्तच येतो, कारण ती बाई आमच्या दारात आली होती ती नेमकी याच दोन वाक्यांच्या भरवशावर.

दुपारची आवराआवर झाली की आई परातीत मोती घेऊन बसायची. माळ ओवून झाली की सुरगाठ मारायची आणि दोऱ्याचं टोक शेवटच्या मोत्यात परत ओवून लपवायची. ही माझ्या आजीची पद्धत. देवाच्या हाराला निरगाठ मारायची नाही, निर्माल्य काढताना दोरा तोडावा लागू नये, एका ओढीत सुटला पाहिजे, असं आजीनं आईला आणि मावशीला लहानपणीच शिकवून ठेवलेलं. अगं, हा काय गणपतीचा हार आहे, असं मी आईला म्हटलं. तर म्हणे, हुक लावताना कारखान्यातल्या लोकांना सोडायला बरी. कधी न पाहिलेल्या कारखान्यातल्या माणसांच्या नखांचीही तिला काळजी.

पहिल्या खेपेचे पैसे ठरल्या दिवशी पाकिटातून घरपोच आले. दुसऱ्या खेपेचेही आले. आईनं त्यातून मला घड्याळ घेतलं आणि जिन्यात जी भेटेल तिला माझा हात धरून ते दाखवलं. झालं. बिल्डिंगमधल्या आणखी काही जणींनी आईच्या शब्दावर डिपॉझिट भरलं. हल्ली फोनवर घरबसल्या कामाचे मेसेज येतात, व्हिडिओला लाईक द्या आणि पैसे मिळवा म्हणून. सुरुवातीला थोडे पैसे खरोखरच खात्यात येतात गं, असं परवा माझ्या भाचीनं मला डोळे मोठे करून सांगितलं. मला काही नवल वाटलं नाही, मला ते पाकीट आठवलं. त्यातले पैसे आधी फसलेल्या कुणा बाईच्या डिपॉझिटचेच असणार, हे आमच्या फार उशिरा लक्षात आलं.

तिसऱ्या खेपेला पैसे थांबले. परदेशाहून पेमेंट अडकलंय, असं बाई म्हणाली. माल मात्र नेत राहिली. वर आईला म्हणाली की तुमचं काम फार सुबक आहे, तुम्ही सेंटरच घ्या. सेंटर म्हणजे मोठं डिपॉझिट भरायचं, हाताखाली बायका लावायच्या आणि प्रत्येकीच्या कामावर कमिशन घ्यायचं. आमच्याकडे तेवढे पैसे नव्हते. ठाण्याला मावशीकडे होते.

मावशीच्या यजमानांचा कारखाना बंद पडला होता. कंपनीनं हिशेब चुकता करून जे हातात ठेवलं, तेवढ्यावर त्यांचं पुढचं सगळं भागायचं होतं. काका दिवसभर खिडकीपाशी बसून असायचे आणि मुलं शाळेत जाणारी. मावशीला काहीतरी करून दाखवायचं होतं आणि आईच्या शब्दाबाहेर ती कधीच नव्हती. आईनं सुचवलं, मावशीनं काकांना कसंबसं तयार केलं आणि बँकेतून जवळजवळ सगळे पैसे काढून आणले. हे बुडाले तर मुलांची फी भरायलाही काही राहणार नाही, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. पण शुभ कामात अशी शंका काढणं बरं दिसलं नसतं.

सेंटर घेणाऱ्या बायकांची सभा ठाण्यातल्या एका कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर होती. मावशीच्या घरून आम्ही तिघी रिक्षानं गेलो. मावशीनं वाटभर पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती आणि आई तिला धीर देत होती. वर हॉल बायकांनी भरलेला. पुढच्या टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर ट्रेमध्ये माळा मांडलेल्या आणि मागे पाटी, लंडनला विकल्या गेलेल्या मालाचे नमुने. बाजूला एक माणूस पैसे घेत बसला होता. मावशी त्याच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

बाईनं आईला पाहिलं आणि हात धरून पुढे नेलं. या आमच्या डोंबिवलीच्या ताई, यांच्याच तोंडून ऐका, असं सगळ्यांना सांगितलं. आई लाजली, पण मनातून खूश झाली होती. शाळा सोडल्यापासून तिला कुणी चार माणसांसमोर बोलायला उभं केलं नव्हतं. दाखवायला म्हणून तिनं ट्रेमधली एक माळ उचलली. मी अगदी जवळ उभी होते, म्हणून मला दिसलं. तिचा अंगठा गाठीवर गेला आणि तिथंच थांबला.

तिनं माळ ठेवली आणि दुसरी उचलली. मग तिसरी. हुक एकीलाही नव्हता. प्रत्येकीची गाठ एका ओढीत सुटेल अशी आणि प्रत्येक दोऱ्याचं टोक शेवटच्या मोत्यात लपवलेलं. आमच्या परातीतल्या माळा लंडनला सोडाच, कुठल्या कारखान्यातही गेल्या नव्हत्या. त्या इथे येऊन बसल्या होत्या, पुढच्या बायकांना दाखवायला.

मावशीच्या पुढे आता एकच बाई उरली होती. मला खात्री होती की आई गप्प बसेल. काहीतरी गोड बोलून बाजूला येईल, माझ्या कानात सांगेल, मी रांगेपर्यंत पळेन आणि तोवर पैसे गेलेले असतील.

“ही माळ माझी आहे,” आई म्हणाली.

बाई हसली. ताईंचा माल इतका पसंत पडला की आम्ही मुद्दाम नमुना म्हणून ठेवून घेतला, असं तिनं सभेला सांगितलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. रांगेतून मावशीही टाळ्या वाजवत होती.

“या सगळ्याच माझ्या आहेत,” आई म्हणाली. “मग लंडनला काय गेलं?”

बाईनं आवाज जराही चढवला नाही. आईच्या जवळ येऊन, तिच्या खांद्यावर हात ठेवून, तसल्याच स्वच्छ मराठीत म्हणाली, “ताई, चारचौघांत हे तुम्हाला शोभत नाही.”

आईचं स्वतःचंच वाक्य होतं ते. ती मान खाली घालणार असं मला वाटलं आणि मला त्या क्षणी तिचा इतका राग आला की रडूच फुटायचं बाकी होतं. पण तिनं माळेचं टोक नखानं बाहेर काढलं आणि ओढलं. मोती चादरीवरून घरंगळत फरशीवर गेले. मग दुसरी माळ घेतली. मग तिसरी. नुसती एकेक गाठ ओढत होती.

हॉलमधल्या बायकांना वाटलं असणार, हिचं डोकं फिरलं. मोत्यांच्या आवाजानं मावशीनं मान वर केली. तिच्या हातातलं पैशांचं पाकीट पैसे घेणाऱ्या त्या माणसानं अर्धं धरलेलंच होतं. एका ओढीत सुटणारी ती माळ तिनं पाहिली, आईकडे पाहिलं, आणि तिला काही सांगावं लागलं नाही. तशी गाठ तीही मारायची. तिनं पाकीट मागे ओढलं.

“मॅडम, एंट्री झालीय तुमची, आता नाही जमणार,” तो माणूस म्हणाला आणि सोडेना. मी जाऊन त्याच्या मनगटाला हिसका दिला तेव्हा कुठे त्याची पकड सुटली.

आम्ही दाराबाहेर आलो. मावशी रडत होती, ताई, चल लवकर, रिक्षा बघू, असं म्हणत होती. आईचा अंबाडा सुटला होता, पण ती जागची हलेना. आत कुणीतरी मोती झाडून काढत होतं, बाई हसून पुढचं बोलत होती आणि रांग परत सुरू झाली होती. जिन्यावरून आणखी बायका पर्स सांभाळत वर येत होत्या.

आई दारात आडवी उभी राहिली. येईल तिला सांगायला लागली की अहो, पैसे भरू नका, मी यांचंच काम करते, माझाच माल आत नमुना म्हणून ठेवलाय. काही जणी थबकल्या, एक तर आल्या पावली जिना उतरली. पण बहुतेकींनी तिच्या सुटलेल्या केसांकडे पाहिलं, आतून येणारं शुद्ध, शांत बोलणं ऐकलं आणि तिला वळसा घालून आत गेल्या. मावशीनं डोळे पुसले आणि ती आईच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

आईच्याच वयाची, चांगल्या घरातली दिसणारी एक बाई वर आली. तिनं आईचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अहो, असं दारात उभं राहून लोकांना अडवणं शोभतं का तुम्हाला?”

“नाही शोभत,” आई म्हणाली आणि तिच्या मागून येणाऱ्या बाईला तिनं हात धरून थांबवलं.